मशीन मी उघडलं

१२ जानेवारी

मशीनचा आवाज बदललाय. आधी एकसारखी घरघर असायची, आता मधेच कुणी झोपेत दात खावेत तसा कर्र आवाज येतो. उजवीकडून डावीकडे येताना जास्त. तेल कुठलं घालायचं आणि नेमकं कुठे, एवढं कळव. खालच्या कप्प्यात दोन बाटल्या आहेत, एकीवरही चिठ्ठी नाही. एकीतलं पाण्यासारखं पातळ, दुसरीतलं पिवळसर. तुला माहीत होतं म्हणून तुला चिठ्ठीची गरज पडली नसणार.

मेसेज केले होते. त्यांच्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काही नाही. म्हणून कारखान्याच्या पत्त्यावर लिहितेय. कागदाला निळ्या खुणा येत नाहीत, ते बरं आहे.

लग्न झाल्यापासून तुला अहो म्हणत आले. आत्ताही 'तुम्ही' लिहायला गेले तर पेन अडलं. तेव्हा तू. राग म्हणून नाही. लिहायला सोपं पडतं.

तुझ्या आई बऱ्या आहेत. गुडघा सकाळी धरतो, ऊन वर आलं की सुटतो. त्या दिवशी फोनवर तू जे सांगितलंस, की तू आता परत येणार नाहीस, तिथे ती आहे आणि तिची लहान मुलगी आहे, त्यातलं एक अक्षर मी आईंना बोललेले नाही. "आईला मीच सांगेन, तू मधे पडू नकोस," असं तूच म्हणालास. मी मधे पडलेले नाही. पण मधे राहतेय मीच. त्या रोज विचारतात, नव्या कारखान्याचं काम कुठवर आलं? मी सांगते, लांबलंय. परवा विचारलं, किती मशिनी बसवायच्या आहेत? मी म्हटलं, शंभर. आता त्या बोटांवर मोजत बसतात की एका माणसाला शंभर मशिनी बसवायला किती दिवस लागतील. तू कधी सांगणार ते कळव, म्हणजे तोवर आकडा कुठपर्यंत न्यायचा ते मला ठरवता येईल.

माझी बहीण येऊन गेली. तिला सगळं सांगितलं. समोरच्या खोलीत शिरल्याबरोबर तिने विचारलं, हे पलंगाएवढं काय घेऊन ठेवलंय? तिला दाखवलं. गोधडी चौकटीवर ताणून बसवायची, मशीन तिच्यावरून रुळांवर फिरतं, माणसाने नुसत्या दोन मुठी धरून त्याला वळवायचं. ती म्हणाली, म्हणजे कापड जागेवर आणि मशीन हिंडतं. मी हो म्हटलं.

नंतर ती रडली. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, तू पण रड ना जरा. दाढ काढताना भूल देतात, तेव्हा दुखत नाही, नुसती ओढ कळते. माझं तसं चाललंय. ओढ कळते.

तेलाचं कळव.


२ फेब्रुवारी

उत्तर नाही. ठीक आहे. तेलाचं कळलं.

मशीन जिथून घेतलं त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. एक बाई बोलते, आवाज कायम सर्दी झाल्यासारखा. तिने पहिल्याच वाक्यात विचारलं, "टेन्शन वरचं जास्त आहे की खालचं?" तिला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, "दोऱ्याचं विचारतेय, ताई." मी म्हटलं, हो, मी पण दोऱ्याचंच आठवतेय.

पिवळं तेल या मशीनचं नाहीच. ते तुझ्या जुन्या कारखान्यातून आलं असणार. पातळ तेल घालायचं, सुईचा दोरा पकडणारा हुक खाली फिरतो त्याच्या कडेला एक थेंब, आणि तेही बॉबिन बदलताना आठवणीने. तिने विचारलं, शेवटचं कधी घातलं होतं? मी म्हटलं, बरेच दिवस झाले, घरात कुणी नव्हतं. आम्ही दोघी घरातच होतो. तोंडातून मात्र तेच आलं.

मग तिने मला मशीन उघडायला लावलं. मी म्हटलं, उघडणारा माणूस बाहेरगावी असतो. ती म्हणाली, ताई, चार स्क्रू आहेत. तुझी हत्यारांची पेटी काढली. तू ती नेली नाहीस याचं मला नवल वाटत होतं, आता वाटत नाही. तिथे कारखान्याची असतील.

खालचं झाकण काढलं तर आत उंदराने घर केल्यासारखा कापूस. राखाडी, दाबून दाबून घट्ट झालेला. बॉबिन केस काढली, तिच्यामागेही तेच. चिमट्याने ओढला तर सलग निघाला, अंगठ्याएवढा. एवढं साचेपर्यंत मशीन चालत कसं होतं कोण जाणे. हुकाच्या मागे दोरा गुंडाळला गेला होता, लाल. लाल दोरा आपण शेवटचा कधी वापरला ते मला आठवेना. आणि कर्र आवाज तर तिथला नव्हताच. रुळावरच्या डाव्या चाकाच्या आसात दोरा अडकून पीळ बसला होता. तो कापून काढायला अख्खी दुपार गेली.

आई टॉर्च धरून उभ्या होत्या. मी नको म्हटलं होतं, गुडघा दुखेल. त्या म्हणाल्या, मग तू काय दातात धरणार आहेस? टॉर्च धरतात पण जिथे पाहिजे तिथे नाही. त्यांना जिथे बघायचं असतं तिथे धरतात. मी स्क्रू शोधतेय आणि प्रकाश पडलाय मोटरवर. सांगितलं तर म्हणतात, अगं मोटर पण बघायला नको का?

तो कापूस त्यांनी टाकू दिला नाही. पिनांच्या उशीत भरायला ठेवलाय.

मशीन आता पूर्वीसारखं चालतं. आवाज ऐकून आई म्हणाल्या, आला की गं हा आवाज. मी म्हटलं, हो. बरं वाटलं का असं विचारशील तर माहीत नाही. काम झालं एवढं कळलं.


२३ फेब्रुवारी

तुला सांगायला हवी अशी गोष्ट घडली आहे, म्हणून लिहितेय. पण क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

शाळेतल्या बाईंची मोठी गोधडी चौकटीवर होती. तुला त्या आठवत असतील, टेबलावर चॉकचे डाग पाडून जातात. त्यांचे वडील इस्पितळातून घरी यायचे होते, त्यांना सारखी थंडी वाजते, त्यांच्यासाठी हवी होती. निम्मी शिवून झाली होती. गोल काढताना मी सुईशेजारी वळणाची लाकडी पट्टी धरली होती, ती निसटली आणि सुई तिच्यावर आदळली. सुई तुटली. तिचा तुकडा माझ्या बोटात गेला. रक्त आधी मला अस्तरावर दिसलं, मग बोटावर. मधल्या वेळात कुठे काही दुखलं नाही. मी बघत राहिले, हे कुणाचं म्हणून.

आईंनी तुकडा काढला. अस्तर पांढरं होतं. त्या म्हणाल्या, पाणी नको लावू, तुझीच थुंकी लाव, ज्याचं रक्त त्याच्या थुंकीने जातं. खरंच गेलं. त्यांना हे कुठून माहीत, विचारलं नाही.

नवी सुई घातली तर टाके सुटायला लागले. चार पडतात, सहा गळतात. सर्दीवाल्या बाईला फोन केला. तिने ऐकलं आणि म्हणाली, हुकाचं टायमिंग सरकलंय. माणूस पाठवायचा तर तीन आठवडे. नाहीतर तुम्ही करा, मी सांगते. तिने दोनदा सांगितलं, मी दोनदा तिला म्हणून दाखवलं.

तुला हे येतं, तरी लिहिते, बरोबर समजलंय का ते मलाच बघायचंय. सुई अगदी तळाला न्यायची. मग चाक हाताने फिरवून ती किंचित वर आणायची. वर येताना तिच्यामागे दोऱ्याचा बारीक फास सुटतो. त्या क्षणाला हुकाचं टोक सुईच्या बरोबर मागे, नेढ्याच्या जरा वर, आलेलं असलं पाहिजे. चिकटून नाही, मधून कागद जाईल एवढं लांब. लवकर आलं तर फास तयार झालेला नसतो, उशिरा आलं तर निघून गेलेला असतो. हुक दांड्यावर बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो. ते ढिले करायचे, हुक जागेवर आणायचा, एका हाताने तसाच धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने स्क्रू आवळायचे. आवळताना हात हलला की पुन्हा पहिल्यापासून.

माझा हलत होता. पुष्कळ वेळा पहिल्यापासून झालं. आई दोन्ही हातांनी टॉर्च धरून बसल्या होत्या, या वेळी नेमक्या जागी. शेवटी एकदा हुक बसला तसा वाटला. डाव्या हाताने तो दाबून धरला होता, उजव्या हातात स्क्रू आवळायची चावी. त्याच वेळी त्यांनी विचारलं.

"तो येणार नाहीये ना?"

मला वर बघता येईना. बघितलं असतं तर हुक सरकला असता.

"नाही," मी म्हटलं.

प्रकाश हलला नाही. मी वाट बघत होते, आता हलेल. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आधी स्क्रू घट्ट कर."

मी केले. सगळे केले. मग खाली जमिनीवर बसले. त्या खुर्चीवर. टॉर्च बंद करायची राहिली होती, ती मांडीवर तशीच पेटलेली. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? त्या म्हणाल्या, तू गेलास त्या आठवड्यातच. कपाटाचा वरचा कप्पा पुसायला घेतला तेव्हा. कामाला जाणारा माणूस दहावीचं सर्टिफिकेट घेऊन जात नाही.

मी म्हटलं, मग रोज मला का विचारत होतात, काम कुठवर आलं म्हणून?

त्या म्हणाल्या, "नाहीतर तू दिवसभरात तोंड उघडलं नसतंस."

एवढंच बोलणं झालं. तुझ्याबद्दल त्यांनी वाईट काही म्हटलं नाही आणि बरंही नाही. ती कोण, कुठली, काही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, तिला एक मुलगी आहे. त्या म्हणाल्या, केवढी? मी म्हटलं, पाच-सहा वर्षांची असेल. त्या म्हणाल्या, बरं.

मग आम्ही टाका घालून बघितला. पडला. पुढचाही पडला. बाईंची गोधडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्ण झाली. त्यांनी उलटीसुलटी करून बघितली आणि तुटलं कुठे ते विचारलं. मला दाखवता येईना, सापडलंच नाही.

तर आता आईंना माहीत आहे. तुला सांगायचं उरलेलं नाही. शंभर मशिनींचंही संपलं.


१८ मार्च

तुझं पत्र मिळालं. आईंना वाचून दाखवलं. मग त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं आणि म्हणाल्या, अक्षर बिघडलंय त्याचं.

तू रविवारी येणार, आईंना तुझ्याकडे न्यायचं म्हणतोस. तुझी आई आहे, तू ये. मी अडवणार नाही. त्या येतील की नाही ते त्या सांगतील.

मशीनला गिऱ्हाईक बघितलंय असंही लिहिलं आहेस. मशीन विकायचं नाही. या गोष्टीला एवढंच उत्तर आहे, आणि रविवारी तो विषय काढू नकोस.

इकडचं सांगायचं तर मागच्या गल्लीत एक बाई रजया शिवते, तिच्याकडे आपल्यासारखंच पण जुनं मशीन आहे. ते बंद पडलं होतं. शाळेतल्या बाईंनी तिला माझं नाव सांगितलं. मी म्हटलं, मी कोण मेकॅनिक? आई म्हणाल्या, जाऊन बघायला काय जातं? आपल्या बाजाराच्या पिशवीत त्यांनीच हत्यारं भरून दिली, वर एक फडकं आणि पाण्याची बाटली. गेले. झाकण उघडलं, आत तसाच कापूस, तसाच दोरा. मला हसू आलं. हसू म्हणजे ओठ हलले. त्या बाईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ओळखीचं निघालं.

बॉबिन केसची पट्टी वाकली होती, ती बदलली. मशीन चालू झालं. तिने खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

घरी आले तर आई दारातच. झालं? झालं. मग संध्याकाळभर त्या शेजारणीला सांगत होत्या, आमची आता मशीन दुरुस्त करते. आमची म्हणाल्या. सूनही म्हणाल्या नाहीत, नावही घेतलं नाही.

तुझं पत्र वाचून मला काय वाटलं म्हणशील तर काही नाही. दुपारी जेवताना घास बराच वेळ तोंडात राहिला, एवढंच लक्षात आहे.


३० मार्च

तू आलास, बसलास, पाणी घेतलंस, खोलीभर नजर फिरवलीस, मशीनला हात लावलास आणि काढून घेतलास. ते तुला माहीत आहे. मी तुला "तू चहा घेणार का" असं आईंसमोर विचारलं, तेही तू ऐकलंस. तुझे कान लाल झाले. आईंनीही ऐकलं. पत्रातलं 'तू' माझ्या तोंडात आलं होतं, मी मुद्दाम केलं नाही.

तुला माहीत नाही ते लिहिते.

तू गॅलरीत फोनवर बोलत होतास तेव्हा आई स्वयंपाकघरात आल्या. मी कप विसळत होते. त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, "माझा मुलगा आहे. तो दारात येऊन उभा राहिला की मला दुसरं काही सुचत नाही गं."

मी म्हटलं, हो.

"तू मला जाऊ नको म्हण."

मी त्यांच्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं का? होतं, असं मला आज वाटतं. त्या वेळी मी आत शोधलं आणि काही हाताला लागलं नाही. जसा चष्मा डोक्यावर असतो आणि माणूस घरभर शोधतो, तसंही नाही. खरंच काही नव्हतं. मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल तसं करा.

त्यांनी नळ परत चालू केला. माझ्या हातातला कप घेतला, विसळला, पालथा घातला. मग कपडे भरायला गेल्या.

तुला वाटलं असेल त्या लगेच तयार झाल्या. झाल्या नव्हत्या.

त्यांच्या गोळ्यांची वेळ पेटीच्या झाकणात लिहून ठेवली आहे. गुडघ्याला सकाळी शेक लागतो. त्या 'नको' म्हणतात तेव्हा नको नसतं. भाजी त्यांना निवडू दे, वेळ लागला तरी.

यापुढे तुला पत्र लिहिण्यासारखं काही उरलं नाही. मशीनबद्दल विचारायचं होतं ते मला आता येतं.


१४ मे

आई,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहत होतो, कशाला लिहायचं! फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला जमत नाही. मागच्या वेळी मी "कशा आहात" म्हटलं आणि तुम्ही "हो, आंबटच आहे" म्हणालात. म्हणून हे. पाकिटावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात घातलंय. त्यांनी उघडून वाचलं तरी माझी हरकत नाही.

मी बरी आहे. काम पुष्कळ आहे. ती सर्दीवाली बाई आठवते का? मागच्या महिन्यात तिला फोन केला होता, तर ती म्हणाली, ताई, तुमचा आवाज का बसलाय? बघते तर दोन दिवसांत मी तोंडातून शब्द काढला नव्हता. गिऱ्हाईक आलं नव्हतं आणि घरात कुणी काही विचारलं नव्हतं. मी तिला म्हटलं, सर्दी झालीय. ती म्हणाली, मला सांगताय होय?

मग तिनेच काम काढलं. आपल्या बाजूला त्यांचा माणूस नाही, म्हणून आसपासच्या गावांतून तक्रार आली की ती माझा नंबर देते. आठवड्यातून एक-दोन ठिकाणी जाते. बसने जायचं, मशीन उघडायचं, साफ करायचं, सुई, हुक, टायमिंग बघायचं, चाकं पुसायची, परत यायचं. तुमची पिशवी फाटली होती, तिला आतून जाड कापड लावलं. हत्यारं टोचत नाहीत आता.

परवा एका घरी गेले होते. तिथे सासू-सुना मिळून रजया शिवतात. मी खाली वाकून काम करत होते आणि त्या दोघींचं माझ्या डोक्यावरून भांडण चाललं होतं, अस्तर कुणी उलटं लावलं म्हणून. चांगलं मोठ्याने. सासू म्हणत होती तू, सून म्हणत होती तुम्ही. काम झालं, हात धुवायला म्हणून मोरीत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आले नाही. पाणी चालू ठेवलं होतं, त्यामुळे त्यांना काही कळलं नसेल. बाहेर आले तेव्हा सुनेने विचारलं, साबण डोळ्यात गेला का? मी हो म्हटलं.

आई, त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही मला एक गोष्ट म्हणायला सांगितलीत आणि मी म्हटली नाही. ती मला पत्रातून म्हणायची नाही. समोर म्हणायची आहे.

येत्या शनिवारी तुमच्या शहरात माझं काम आहे, दोन मशिनी बघायच्या आहेत. चारपर्यंत होईल. मग तुमच्या इमारतीखाली औषधाचं दुकान आहे असं तुम्ही सांगितलं होतंत, त्याच्यासमोर मी उभी राहीन. वर येणार नाही. त्या घरात मला काय म्हणून बसवतील, आणि मी काय म्हणून बसू! तुम्ही खाली या. गुडघा दुखत असेल तर नका येऊ. नाही आलात तर मी समजेन आणि बसने परत जाईन. राग धरणार नाही.

तुमची


२२ मे

आई इथे आहेत. काल रात्री तुझा फोन येऊन गेला तेव्हा त्यांनीच तुला तसं सांगितलं. तू ओरडलास, त्यांना ऐकू आलं नाही, त्यांनी "हो, जेवले" म्हणून फोन ठेवला. म्हणून मी लिहिते. कसं झालं ते तुला कळायला हवं.

मी औषधाच्या दुकानासमोर उभी होते. चार वाजून गेले. दुकानदार दोनदा विचारून गेला, काय हवंय. मला वाटलं पत्र पोचलं नसेल. मग इमारतीच्या कोपऱ्यावरून आई येताना दिसल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताला ती लहान मुलगी. मला बघून त्यांनी हात हलवला नाही की काही नाही, तशाच चालत आल्या. मी दुकानाच्या पायरीवर बसले.

मुलगी मला म्हणाली, तू मशीनवाली का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, आजी सांगते मला. मग आईंनी तिला जिन्यापर्यंत सोडलं आणि वर जाऊन दार वाजवायला सांगितलं. ती वर पोचून आत गेल्याचा आवाज येईपर्यंत खाली उभ्या राहिल्या. ती नीट पोचली याची तुला आणि तिच्या आईला काळजी नको.

मग आम्ही दुकानाशेजारच्या बाकावर बसलो. त्यांनी तुमच्या घराची तक्रार केली नाही, हे मुद्दाम लिहिते. त्या म्हणाल्या, मुलीची आई चांगली आहे, मनापासून करते. पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देते. भाजी निवडलेली आणते, कपडे मशीनमध्ये टाकते, खुर्ची खिडकीत लावून देते. तुझं नाव काढून म्हणाल्या, तोही येता-जाता विचारतो, आई काही हवं का?

मी म्हटलं, मग?

त्या म्हणाल्या, "तिथे मला कुणी काही काम सांगत नाही गं."

मी बोलायचं ठरवून आले होते. बसमध्ये येताना वाक्य जुळवलं होतं, चांगलं मोठं. तिथे त्यातलं काही निघालं नाही. मी म्हटलं, "घरी चला. मला तुम्ही हव्या आहात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, आत्ता? मी म्हटलं, साडेपाचची बस आहे. त्या म्हणाल्या, माझे कपडे वर आहेत. मी म्हटलं, राहू देत. त्या म्हणाल्या, वर गेले तर तो मला सोडणार नाही, आणि मलाही सुटणार नाही. थोडा वेळ काठीचं टोक जमिनीवर फिरवत बसल्या. मग उठल्या आणि विचारलं, स्टँड कुठल्या बाजूला?

तर तसं झालं. मी त्यांना पळवलं नाही आणि त्या तुझ्यावर रुसून आल्या नाहीत. त्यांचे कपडे आणि गोळ्यांची पेटी पाठवून दे. त्यांना भेटायला तू येत जा, महिन्यातून एकदा तरी. मुलीला आणलंस तरी चालेल, आईंनी तिला तसं कबूल केलंय. मी घरी असले तर चहा करीन, कामावर असले तर त्या करतील. वेगळं व्हायचं ते कागदावर काय करायचं असेल ते कर, मी सही करीन. ते मला आता अवघड वाटत नाही.

बसमध्ये खिडकी त्यांना दिली. शहर संपेपर्यंत त्या बाहेर बघत होत्या, मग त्यांचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं. तोंड जरा उघडं. माझा हात अवघडला, मग मुंग्या आल्या, मग चांगलाच दुखायला लागला. दुखत होता ते मला कळत होतं. आपला थांबा आला. कंडक्टरने आवाज दिला. मी उठले नाही. बस निघाली.

पुढच्या थांब्यावर त्या आपोआप जाग्या झाल्या. बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, आपला थांबा गेला की."

"गेला," मी म्हटलं.

"मग उठवायचं नाही का मला?"

आम्ही उतरलो आणि मागे चालत आलो. त्यांच्या गुडघ्यामुळे वेळ लागला. सगळा रस्ता त्या मला बोलत होत्या.